हाताने चालतं पण क्रॉनमधून नाही: छोट्या सर्व्हरवर रेस्टिक नीट बसवायचं कसं

तुमचा सेटअप मला समजला तो असा. व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) उबुंटू २२.०४ चा, दोन जीबी रॅम, त्यावर वर्डप्रेस आणि मारियाडीबी, आणि ऑफिसात एक जुना पीसी डेबियन १२ चा. दोन्हींचा बॅकअप रेस्टिक या बॅकअपच्या टूलने एकाच एस-थ्री बकेटमधे (क्लाउडवरची साठवणीची जागा) टाकायचाय. रेपॉजिटरी, म्हणजे बकेटमधली बॅकअपची साठवण, पीसीवरून बनवली, व्हीपीएसवर ॲप्टने (उबुंटूची पॅकेज टाकायची कमांड) टाकलेलं रेस्टिक ती उघडेना, म्हणून गिटहबवरून नवीन बायनरी (थेट चालणारी तयार फाईल) आणून टाकली. आता हाताने स्क्रिप्ट चालवली की मस्त चालते पण रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) काहीच होत नाही आणि एरर पण कुठे दिसत नाही. आणि ॲप्ट बरं की बायनरी बरी हा प्रश्न शेवटी आहेच.

कमांड मी आपण बोलतो तशा देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमधे अर्थातच इंग्रजीतच टाकायच्या, "डॅश डॅश" म्हणजे दोन हायफन.

हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात पण मुळात एकच आहे: तुमच्या सर्व्हरवर आत्ता दोन रेस्टिक नांदतायत. "टाईप डॅश ए रेस्टिक" मारून बघा, वर /यूएसआर/लोकल/बिन मधलं येईल आणि खाली /यूएसआर/बिन मधलं, /बिन ची आणखी एक ओळ आली तर ती त्याच जुन्या फाईलची. "व्हिच" मारलंत तर तो पहिलंच दाखवून गप्प बसतो, म्हणून इथे "टाईप डॅश ए" च लागतं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा पाथमधे (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी) यूएसआर-लोकल-बिन आधी येतं म्हणून नवीन बायनरी चालते. "क्रॉनटॅब डॅश ई" ने टाकलेला जॉब चालतो तेव्हा मात्र पाथमधे फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच असतं, त्यामुळे त्याच स्क्रिप्टमधलं तेच "रेस्टिक" म्हणजे ॲप्टचं जुनं.

आणि ते जुनं चालणारच नाही, कारण उबुंटू २२.०४ मधे ०.१२.१ आहे. रेस्टिकमधे कॉम्प्रेशन आलं ०.१४ ला, ऑगस्ट २०२२ मधे, आणि त्यासाठी रेपॉजिटरीचा फॉरमॅट बदलून व्हर्जन २ झाला. डेबियन १२ मधे ०.१४.० आहे, त्यामुळे तुम्ही पीसीवर "इनिट" केलंत तेव्हा न सांगताच व्हर्जन २ ची रेपॉजिटरी तयार झाली. ०.१३ पर्यंतच्या कुठल्याही रेस्टिकला ती वाचता येत नाही, ते सरळ "अनसपोर्टेड रेपॉजिटरी व्हर्जन" म्हणून बाहेर पडतं. म्हणजे रोज रात्री बरोब्बर हाच एरर येत असणार.

मग तो दिसत का नाही? क्रॉन जॉबचं जे काही आउटपुट असतं ते क्रॉन मेल करतो, आणि आजकालच्या व्हीपीएसवर मेल सर्व्हर टाकलेलाच नसतो, मग तो ते आउटपुट फेकून देतो. सिसलॉगमधे "क्रॉन" शोधा, "नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट" अशी ओळ रोज रात्रीची सापडेल. तुमचा एरर तिथेच गेला.

खात्री करायची तर रात्रीची वाट बघू नका, क्रॉनसारखंच उघडंबोडकं वातावरण दिवसा तयार करता येतं. रूट होऊन: "एन्व्ह डॅश आय होम=/रूट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच /रूट/बॅकअप.एसएच". एन्व्ह डॅश आय म्हणजे तुमच्या शेलमधलं सगळं पुसून फक्त पुढे लिहिलेलं द्यायचं. क्रॉनमधे चालत नाही अशी जी काही तक्रार असते, कुठल्याही टूलची, ती बहुतेक वेळा या एका ओळीत पकडली जाते. दोष पाथचा नसेल तर एक्सपोर्ट केलेल्या व्हेरिएबलचा निघतो, कारण लोक ते बॅशआरसीत (शेलची सुरुवातीची सेटिंग फाईल) टाकतात. वर बॅशआरसी स्क्रिप्टमधून सोर्स केली तरी उपयोग नाही, उबुंटूच्या बॅशआरसीत पहिल्या काही ओळींतच "शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर परत जा" असं लिहिलेलं आहे, त्याच्या खालचं काही वाचलंच जात नाही. तुम्ही एक्सपोर्ट स्क्रिप्टमधेच ठेवलेत ते त्यातल्या त्यात बरं केलंत.

तात्पुरता इलाज अगदी सोपा, स्क्रिप्टमधे "रेस्टिक" ऐवजी पूर्ण पाथ लिहा आणि "ॲप्ट पर्ज रेस्टिक" करून जुनं काढून टाका. घाबरू नका, पॅकेज काढल्याने बकेटमधल्या बॅकअपला काही होत नाही. काढल्यावर त्याच टर्मिनलमधे "नो सच फाईल" म्हणाला तर "हॅश डॅश आर" मारा, बॅश जुना पत्ता लक्षात ठेवून बसलेला असतो. पण एवढ्यावर थांबलात तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या कारणाने परत असंच गुपचूप बंद पडेल, म्हणून पुढचं सगळं. माझ्या लेखी सर्व्हरवर टूल बसलं असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा कुठली कॉपी चालतेय, कोणत्या युजरने, कुठली सेटिंग वाचून, आणि पडली तर कोणाला कळणार या चारही प्रश्नांना पटकन उत्तर देता येतं.

ॲप्ट की बायनरी? जेक्यू, टीमक्स, एनसीडीयू, एचटॉप असली टूलं डोळे झाकून ॲप्टने टाका, दोन वर्षं जुनी असली तरी काही बिघडत नाही, आणि पाच बायनरी हाताने सांभाळायचा उपद्व्याप कोणी सांगितलाय. बॅकअपचं टूल वेगळं पडतं कारण तिथे फॉरमॅट असतो, दोन मशीननी एकच रेपो उघडायची असते, आणि ज्या दिवशी रिस्टोर करायची वेळ येते त्या दिवशी मशीन कुठलं हाताशी असेल ते सांगता येत नाही. रेस्टिक गो भाषेत लिहिलेलं आहे, एकच स्टॅटिक फाईल, तिला दुसरी कुठली लायब्ररी लागत नाही, त्यामुळे बायनरी ठेवणं फारसं त्रासाचं नाही. तुमच्या २२.०४ वर बायनरीच ठेवा. उबुंटू २४.०४ असतं तर त्यात ०.१६.४ येतं, ते ॲप्टनेच ठेवा म्हणालो असतो. पण किंमत एक आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्स यूएसआर-लोकलला हात लावत नाही, तिथे जे टाकलं त्याचे मायबाप तुम्ही. गिटहबवर त्या प्रोजेक्टला "वॉच" करून फक्त रिलीजचे नोटिफिकेशन चालू करा, वर्षातून मोजकेच मेल येतात.

बायनरी आणताना दोन मिनिटं जास्त घालवा. आधी "युनेम डॅश एम", एक्स८६_६४ आलं तर एएमडी६४ वाली फाईल, एआर्च६४ आलं तर एआरएम६४ वाली. हल्ली स्वस्तातले व्हीपीएस बरेच एआरएम असतात आणि मग लोक "एक्झेक फॉरमॅट एरर" घेऊन डोकं खाजवत बसतात. फाईल बीझेड२ मधे दाबलेली असते. तिच्याच शेजारी एसएचए२५६सम्स नावाची चेकसमची (फाईल बदलली तर जुळणार नाही असा आकडा) फाईल आणि तिची सही असते, तिन्ही उतरवा. "एसएचए२५६सम डॅश डॅश चेक डॅश डॅश इग्नोर-मिसिंग" ने फाईल जुळते का बघा, हे बंझिप करायच्या आधी, कारण चेकसम दाबलेल्या फाईलचा असतो. सही जीपीजीने तपासायला डेव्हलपरची की एकदा इम्पोर्ट करावी लागते, ती करूनच टाका, कारण ज्याने फाईल बदलली त्याला शेजारची चेकसम फाईल बदलायला कितीसा वेळ लागतो.

मग बंझिप२, आणि कॉपी करायला सीपी, सीएचमॉड, सीएचओन असं तीनदा करण्यापेक्षा एकच "इन्स्टॉल" कमांड: "सुडो इन्स्टॉल डॅश ओ रूट डॅश जी रूट डॅश एम ०७५५", पुढे फाईल, पुढे मुक्काम. मुक्काम थेट यूएसआर-लोकल-बिन ठेवू नका. /ऑप्ट/रेस्टिक मधे व्हर्जनच्या नावाने फाईल ठेवा आणि यूएसआर-लोकल-बिनमधे तिला सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक) द्या. नवीन व्हर्जन आलं की ते शेजारी ठेवायचं, लिंक फिरवायची, एक रात्र बघायचं, काही वाकडं झालं तर लिंक परत मागे. रेस्टिकच्या अधिकृत बायनरीत "सेल्फ-अपडेट" पण आहे, सही वगैरे तोच तपासतो, लॅपटॉपवर छान आहे. सर्व्हरवर मी वापरत नाही, आणि क्रॉनमधे तर चुकूनही टाकू नये. रात्री दोनला स्वतःच स्वतःला बदलणारं बॅकअप टूल कोणाला हवंय. काय बदललं ते चेंजलॉगमधे वाचून मगच अपडेट करायचं.

युजरचं पटकन सांगतो. व्यवस्थित करायचं तर रेस्टिकसाठी वेगळा युजर आणि फक्त वाचायची कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांतला एक तुकडा), कॅप-डॅक-रीड-सर्च. बरेच लेख "सेटकॅप" करायला सांगतात पण ती कॅपॅबिलिटी फाईलला चिकटलेली असते, नवीन बायनरी ठेवलीत की गेली, आणि मग निम्म्या फाईल "परमिशन डिनाइड". करायचंच तर सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) युनिटमधे, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंग फाईलमधे, "ॲम्बियंट-कॅपॅबिलिटीज" ने द्या. एका माणसाच्या, एका वर्डप्रेसच्या व्हीपीएसवर रूटने चालवलं तरी मी नावं ठेवणार नाही.

आता सेटिंग. /ईटीसी/रेस्टिक असं फोल्डर करा, मालक रूट, मोड ७००. त्यात एक एन्व्ह फाईल: रेस्टिक-रेपॉजिटरी, रेस्टिक-पासवर्ड-फाईल, आणि बकेटच्या दोन चाव्या. पासवर्ड वेगळ्या फाईलमधे, दोन्हींचा मोड ६००. कमांडवर पासवर्ड लिहू नका, तो हिस्ट्रीत राहतो आणि पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारणाऱ्याला दिसतो. या एन्व्ह फाईलमधे ओळीच्या सुरुवातीला "एक्सपोर्ट" लिहू नका, सिस्टमडीला ते कळत नाही, ती ओळ तो सोडूनच देतो. मग हाताने चालवताना काय? "सेट डॅश ए", मग फाईल सोर्स, मग "सेट प्लस ए", म्हणजे मधलं सगळं आपोआप एक्सपोर्ट होतं. एवढ्या तीन ओळी आणि खाली "एक्झेक /यूएसआर/लोकल/बिन/रेस्टिक" आणि मिळालेले आर्ग्युमेंट तसेच पुढे, अशी छोटी स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/एसबिन मधे ठेवा, नाव काहीही द्या. त्यानंतर हाताने आणि टायमरने तीच बायनरी, तीच सेटिंग. तुमचा मूळ रोग हाच होता ना, की हाताचं जग वेगळं आणि रात्रीचं जग वेगळं.

पासवर्डबद्दल एकच पण जोर देऊन: रेस्टिक सगळं एईएस-२५६ ने एन्क्रिप्ट करतं, पासवर्ड हरवला तर "फरगॉट पासवर्ड" ची सोय नाही, डेटा बकेटमधे असून नसल्यासारखा. पासवर्ड फक्त ज्या सर्व्हरचा बॅकअप घेताय त्याच सर्व्हरवर असेल तर तो सर्व्हर गेल्यावर बॅकअपही गेला. कागदावर लिहून कपाटात ठेवा, लाज वाटायचं काही कारण नाही. "की ॲड" ने दुसरा पासवर्ड पण जोडता येतो, तो पार्टनरकडे किंवा घरी.

क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर घ्या. मला क्रॉनशी भांडण नाही पण इथे लॉग, फेल झालं की कळणं आणि मशीन बंद असताना चुकलेली पाळी हे तिन्ही फुकट मिळतं. सर्व्हिस युनिटमधे टाईप वनशॉट, एन्व्हायर्नमेंट-फाईल वर सांगितलेली, नाईस १९ म्हणजे दिवसा चाललं तरी साईट रांगत नाही, आणि एक्झेकस्टार्टमधे पूर्ण पाथ. आणि एक अडकवणारी गोष्ट: क्रॉन निदान होम व्हेरिएबल देतो, सिस्टमडी सिस्टम सर्व्हिसला युजर लिहिलेला नसेल तर तेही देत नाही. रेस्टिक आपली कॅश होममधल्या डॉट-कॅशमधे ठेवतं, होमच नाही म्हटल्यावर "कॅश उघडता येत नाही" असं कुरकुरतं आणि दर वेळी इंडेक्स बकेटमधून परत ओढतं, म्हणजे वेळ पण आणि डाउनलोडचं बिल पण. युनिटमधे "कॅश-डिरेक्टरी=रेस्टिक" लिहा, त्याने /व्हार/कॅश/रेस्टिक तयार होतं, आणि एन्व्ह फाईलमधे रेस्टिक-कॅश-डिर ला तोच पाथ द्या.

टायमरमधे वेळ लिहिताना बघा, व्हीपीएस बहुधा यूटीसीवर असतो. तुम्ही रात्रीचे दोन म्हणून ०२:०० लिहिलंत की बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो. "टाईमडेटसीटीएल" ने झोन दिसतो. सर्व्हरचा झोन बदलायची गरज नाही, ऑन-कॅलेंडरमधे वेळेच्या शेवटी सरळ "एशिया/कोलकाता" लिहिता येतं. लिहिलेलं बरोबर आहे का ते "सिस्टमडी-ॲनलाईज कॅलेंडर" ला विचारा, तो पुढची वेळ कधी येणार ते सर्व्हरच्या झोनमधे सांगतो. "पर्सिस्टंट=ट्रू" ठेवा, खास करून ऑफिसच्या पीसीवर, तिकडे लाईट गेली असेल किंवा कोणी जाताना बटण बंद केलं असेल तर मशीन परत चालू झाल्यावर चुकलेली पाळी लगेच होते. मग "सिस्टमसीटीएल इनेबल डॅश डॅश नाऊ" हे टायमरवर मारायचं, सर्व्हिसवर नाही, इथे बरेच जण सर्व्हिसच इनेबल करून बसतात. "लिस्ट-टायमर्स" मधे पुढची वेळ दिसली की झालं. लॉग बघायला "जर्नलसीटीएल डॅश यू" आणि युनिटचं नाव, म्हणजे आउटपुट हवेत विरणं बंद.

डेटाबेसची भानगड वेगळी आहे आणि इथेच लोक जास्त फसतात. /व्हार/लिब/मायएसक्यूएल फोल्डर चालू असताना तसंच उचललंत तर रिस्टोर होईलच याची काही खात्री नाही, डंपच (सगळा डेटाबेस एका एसक्यूएल फाईलमधे) घ्यायचा, मारियाडीबी-डंप, "डॅश डॅश सिंगल-ट्रान्झॅक्शन" लावून, इनोडीबी टेबलांना ते पुरतं आणि साईट लॉक होत नाही. नेहमीची पद्धत म्हणजे डंप पाईप करून "रेस्टिक बॅकअप डॅश डॅश एसटीडीइन". आता डंप मधेच मेला समजा, डिस्क भरली, कनेक्शन तुटलं, तर पाईपच्या या टोकाला रेस्टिकला फक्त "इनपुट संपलं" एवढंच कळतं, तो अर्धा डंप इमानेइतबारे साठवतो, शून्य कोड देतो आणि तुम्ही निवांत. बॅशमधे "सेट डॅश ओ पाईपफेल" ने एरर कळतो खरा पण अर्धवट स्नॅपशॉट (त्या वेळच्या बॅकअपची रेपोतली नोंद) तर बनलेलाच असतो आणि "लेटेस्ट" म्हटलं की तोच येतो. ०.१७ मधे, जुलै २०२४ ला, यावर नीट उपाय आला, "डॅश डॅश एसटीडीइन-फ्रॉम-कमांड": रेस्टिक स्वतःच डंपची कमांड चालवतो आणि ती फेल झाली तर स्नॅपशॉटच बनवत नाही. नवीन बायनरी ठेवायला मला हे आणखी एक कारण वाटतं, २४.०४ च्या ०.१६.४ मधेही हे नाही. फाईलचं नाव "एसटीडीइन-फाईलनेम" ने द्या, नाहीतर "एसटीडीइन" नावाची फाईल शोधत बसाल.

आणि डंप जीझिप करून देऊ नका. सवयीने सगळेच करतात. रेस्टिक डेटाचे साधारण एक एमबीच्या आसपासचे तुकडे पाडतं आणि आधी पाहिलेला तुकडा परत पाठवत नाही. जीझिप केलं की वरच्या एका ओळीच्या बदलाने खालची सगळी फाईल वेगळी दिसते आणि रोज पूर्ण डंप अपलोड होतो. साधा एसक्यूएल द्या, व्हर्जन २ ची रेपो स्वतःच कॉम्प्रेस करते.

वनशॉट युनिटमधे एकापेक्षा जास्त एक्झेकस्टार्ट चालतात, एकामागून एक, आणि एक पडलं की पुढची होत नाहीत. पहिली ओळ डेटाबेसची, दुसरी फाईलची: /ईटीसी, वर्डप्रेसचं फोल्डर, आणखी जे असेल ते, कॅश फोल्डर वगळून. वर्डप्रेसचे कॅश प्लगइन हजारो बारीक फाईली करतात, त्या साठवून काय उपयोग.

फेल झालं की कळायला दोन गोष्टी हव्यात. एक "ऑन-फेल्युअर", त्यात दुसरं छोटं युनिट जे कर्लने टेलिग्राम बॉटला किंवा तुमच्या ज्या कुठल्या मेल सर्व्हिसला निरोप धाडेल. पण सर्व्हरच झोपला तर निरोप कोण धाडणार? म्हणून दुसरी गोष्ट उलट्या बाजूने: बॅकअप नीट झाला की बाहेरच्या एखाद्या मॉनिटरिंग सर्व्हिसला पिंग द्यायचा, आणि ठरलेल्या वेळेत पिंग आला नाही तर त्या सर्व्हिसने तुम्हाला उठवायचं. पिंगचा कर्ल "एक्झेकस्टार्ट-पोस्ट" मधे टाका, ते फक्त आधीचं सगळं यशस्वी झालं तरच चालतं. फेल झाल्यावर एक्झिट कोड बघा: १ म्हणजे स्नॅपशॉट झालाच नाही, ३ म्हणजे झाला पण काही फाईल वाचता आल्या नाहीत, आणि नवीन व्हर्जनमधे १० म्हणजे रेपो सापडली नाही, ११ म्हणजे लॉक मिळाला नाही, १२ म्हणजे पासवर्ड चुकला. ३ रोज येतो म्हणून काही जण त्याला युनिटमधे "सक्सेस" ठरवून टाकतात. तसं करू नका, कुठली फाईल वाचता येत नाही ते शोधून एकतर परवानगी द्या किंवा ती वगळा, नाहीतर उद्या अपलोड्सचं अख्खं फोल्डर वाचता आलं नाही तरी हिरवाच दिवा.

११ चं सांगतो. बॅकअप मधेच मेला, मशीन बंद पडलं, तर रेपोत लॉक शिल्लक राहतो. नुसतं "अनलॉक" मारा, ते फक्त शिळे लॉक काढतं, अर्ध्या तासाहून जुने किंवा त्याच मशीनवरची मेलेली प्रोसेस असलेले. "डॅश डॅश रिमूव्ह-ऑल" मात्र दुसऱ्या मशीनवर काही चालू नाही हे स्वतः बघितल्याशिवाय नाही. टायमरमधे दर वेळी आधी अनलॉक चालवणाऱ्या स्क्रिप्ट फिरतात, साधा अनलॉक असेल तर चालून जातं, रिमूव्ह-ऑल दिसलं तर ती स्क्रिप्ट उचलू नका.

जुने स्नॅपशॉट काढताना "फर्गेट" फक्त नोंद पुसतं, जागा "प्रून" केल्यावरच मोकळी होते. रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे ६ हा हिशोब तुम्हाला पुरे. पहिल्यांदा "डॅश डॅश ड्राय-रन" लावून काय जाणार ते नीट बघा. फर्गेट होस्ट आणि पाथ या दोन्हींवरून गट पाडतं आणि तो ७-४-६ चा नियम प्रत्येक गटाला वेगळा लावतं. तुम्ही मधेच बॅकअपच्या यादीत एक फोल्डर वाढवलंत की नवीन गट, आणि जुन्या गटातले शेवटचे स्नॅपशॉट तसेच पडून राहतात, बिल का कमी होत नाही म्हणून विचारत बसाल. व्हीपीएस बदलला आणि होस्टनेम वेगळं आलं तरी तेच. "बॅकअप" ला "डॅश डॅश होस्ट" देऊन नाव पक्कं करून टाका.

आठवड्यातून एकदा "चेक", त्यात "रीड-डेटा-सबसेट=५%" लावलंत तर दर वेळी थोडा खरा डेटा उतरवून तपासतो, सगळा उतरवायचा खर्च नाही. आणि महिन्यातून एकदा खरंच रिस्टोर, तेही पीसीवर: "रिस्टोर लेटेस्ट", होस्ट व्हीपीएसचा, टार्गेट एखादं रिकामं फोल्डर, आणि डंपचा स्नॅपशॉट वेगळा असतो म्हणून त्यासाठी "डॅश डॅश पाथ" देऊन परत एकदा. मग डंप एका रिकाम्या डेटाबेसमधे चढवून डब्ल्यूपी-पोस्ट्स टेबलमधली शेवटची पोस्ट कालची आहे का ते बघायचं. चेक पास होणं आणि साईट परत उभी राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

राहता राहिला पीसी. त्यावरचं ०.१४.० तुमची रेपो उघडतं, त्यामुळे घाई नाही, पण मी असतो तर तिथेही तीच बायनरी ठेवली असती, दोन मशीन दोन व्हर्जन हा हिशोब डोक्यात कशाला. आणि फर्गेट-प्रून व्हीपीएसवरून करूच नका, ते पीसीवरून करा. इंटरनेटकडे तोंड करून बसलेलं मशीन व्हीपीएस आहे, वर्डप्रेसच्या एखाद्या फाटक्या प्लगइनमधून कोणी आत शिरला तर एन्व्ह फाईलमधल्या चाव्या त्याच्या हातात, आणि तो आधी बॅकअपच पुसणार. म्हणून बकेटसाठी दोन वेगळ्या चाव्या करा. व्हीपीएसच्या चावीला वाचणं आणि लिहिणं, डिलीट फक्त "लॉक्स" या फोल्डरपुरतं, कारण रेस्टिकला स्वतःचा लॉक काढावा लागतो. पूर्ण डिलीटचा अधिकार फक्त पीसीच्या चावीला. शिवाय बकेटचं व्हर्जनिंग चालू ठेवा, म्हणजे कोणी फाईलवर फाईल लिहिली तरी खालची शिल्लक राहते, फक्त जुनी व्हर्जन ठरावीक दिवसांनी जातील असा लाईफसायकल नियम लावा नाहीतर प्रून करूनही बिल वाढत राहील. प्रूनला एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, त्या वेळात व्हीपीएसचा बॅकअप अडेल, म्हणून पीसीवर तो रविवारी दुपारी ठेवा, व्हीपीएसच्या रात्रीच्या वेळेपासून लांब. मधेच लाईट गेली तर डेटा बिघडत नाही, थोडा कचरा राहतो तो पुढच्या प्रूनमधे निघतो, फक्त सोमवारी सकाळी पीसीवर एकदा अनलॉक मारायला लागेल.